प्रगतिपुस्तकातील एक शेरा

(मंडळाच्या निफाड येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस येथे चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे डी. एड्. होऊन प्राथमिक शाळेत अडतीस वर्षे खडू झिजविला, एवढीच आमची शिदोरी. वैद्यकाच्या विषयावर आमच्यासारख्याने तोंड उघडावे हे धाडसच होय. परंतु हा विषय आमच्या हातून घडलेल्या एका चुकीशी निगडित आहे, आणि त्या चुकीविषयी बोलण्याचा अधिकार दुसऱ्या कोणापेक्षा आमचाच अधिक आहे, म्हणून उभे राहिलो.

आज सकाळी ह्याच मंडपात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. प्रथेप्रमाणे नव्वद टक्क्यांच्या वरच्यांना शाल, श्रीफळ आणि पाकीट मिळाले. आम्हीही टाळ्या वाजविल्या. मात्र त्या वेळी आमचे लक्ष मंडपाच्या मागल्या बाजूस भोजनाच्या पाट-ताटांची व्यवस्था पाहणाऱ्या काही तरुणांकडे जात होते. त्यांच्यापैकी एकाची हकीकत सांगणार आहोत. नाव घेत नाही. त्याची अनुज्ञा आहे, पण नाव घेतल्याने श्रोत्यांच्या माना मागे वळतील, यापलीकडे काही साधणार नाही.

हा मुलगा १९९२ च्या जूनमध्ये आमच्या शाळेत पहिलीत दाखल झाला. त्याचा जन्म १९८६ चा, सातव्या महिन्याचा. निफाडची थंडी आपणांस विदित आहेच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पारा चार-पाच अंशांवर उतरला की वर्तमानपत्रांत आपल्या गावाचे नाव येते. अशा थंडीच्या दिवसांत, मुठीएवढे ते मूल रुग्णालयातून घरी आल्यावर त्याच्या आजीने दोन महिने कापसात गुंडाळून, शेगडीजवळ, छातीशी धरून जगविले. मूल जगले म्हणून घरादाराने सप्तशृंगीचा नवस फेडला, आणि जन्माच्या वेळची चिंता तेथेच संपली असे सर्वांनी मानले. आम्हीही मानले.

शाळेत हा मुलगा दांडगट नव्हता. खिडकीजवळ बसे आणि बाहेर पाही. पाटी घरी विसरे, पेन्सिल वर्गात विसरे, निरोप वाटेत विसरे. गणित तोंडी विचारले तर चटकन सांगे, तेच वहीत उतरविताना हातचा गळे आणि ओळ तिरपी जाई. आम्ही त्यास छडी मारली, अंगठे धरून उभे केले, इतर मुलांसमोर ‘स्वारी चंद्रावर गेली’ असेही म्हटले. वर्ग हसे, तोही हसे. पहिली ते चौथी आम्हीच त्याचे वर्गशिक्षक होतो, आणि चारही प्रगतिपुस्तकांवर आमच्या हस्ताक्षरात जवळजवळ एकच शेरा आहे: ‘मुलगा हुशार आहे, परंतु लक्ष नाही.’

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. दहावी दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण, बारावी अर्धवट. एका कारखान्यात दोन वर्षे, एका दुकानात आठ महिने, नंतर घरची दोन एकर द्राक्षबाग. लग्न झाले. एका वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर रात्री पाऊस पडला. बाग फुलोऱ्यावर. सकाळी डावणीची फवारणी झालीच पाहिजे, हे शेंबड्या पोरालाही कळते. हा औषध आणावयास सकाळी गेला, वाटेत मित्राचा ट्रॅक्टर बंद पडलेला दिसला, तो उघडून बसला, आणि औषधाची बाटली घेऊन दिवेलागणीस परतला. आठ दिवसांत घड करपले. कर्ज अंगावर राहिले. वडिलांनी वर्षभर त्याच्याशी भाषण केले नाही. पत्नी मुलीस घेऊन माहेरी गेली. गावात सर्वांचे एकच मत पडले की हा आळशी आहे, बेफिकीर आहे. विचारले असते तर आम्हीही तेच सांगितले असते.

२०२१ साली त्याच्या मेहुण्याने त्यास नाशिकला एका मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतले आणि दोन गोष्टी विचारल्या. जन्मतः वजन किती होते? आणि बारा वर्षांच्या आत हा मुलगा कसा होता, हे सांगणारे कोणी आहे काय?

तेव्हा तो आमच्याकडे आला. पस्तीस वर्षांचा बाप्या, ओट्यावर उभा राहून म्हणतो, “गुरुजी, मी लहानपणी कसा होतो?” पाठोपाठ त्याच्या मातोश्री पत्र्याची पेटी घेऊन आल्या. तीत रुग्णालयाचे पिवळे पडलेले कार्ड होते, त्यावर वजन १४०० ग्रॅम. त्याखाली चार प्रगतिपुस्तके. साक्षीदारास न्यायालयात त्याचेच जुने पत्र दाखवावे, तशी आमची अवस्था झाली. आम्ही तो शेरा दोष म्हणून लिहिला होता. डॉक्टरांनी तो लक्षण म्हणून वाचला.

ह्या विकारास इंग्रजीत अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, संक्षेपाने ए. डी. एच. डी. म्हणतात. आपण अवधानन्यूनता व अतिचंचलता म्हणू. १९०२ साली लंडनच्या जॉर्ज स्टिल नामक बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्याने दिली होती, म्हणजे हे काही कालपरवाचे खूळ नव्हे. दीर्घकाळ समजूत अशी होती की हा मुलांचा विकार असून मिसरूड फुटली की जातो. तो पुष्कळांचा जात नाही. आज शंभर प्रौढांत साधारण दोन ते तीन जणांस तो असावा, असा अंदाज आहे. निदानासाठी त्याची चिन्हे बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात. २०१३ पूर्वी ही मर्यादा सात वर्षांची होती. म्हणूनच जुनी प्रगतिपुस्तके आणि आईची आठवण यांस एवढे मोल आहे. नावात अवधानाची न्यूनता असली, तरी आमच्या समजुतीप्रमाणे अवधान असतेच. त्याचा लगाम मात्र हातात राहत नाही. ट्रॅक्टर उघडला की चार तास भान नाही, आणि ज्या कामासाठी निघालो ते मनाच्या फळ्यावरून पुसलेले.

आता जन्मवजनाशी याचा संबंध काय? अडीच किलोहून कमी वजनाच्या बालकास कमी वजनाचे म्हणतात, दीड किलोच्या खाली अतिशय कमी वजनाचे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वजनाची नोंद झालेल्या बालकांपैकी सुमारे १८ टक्के अडीच किलोच्या आत भरली. म्हणजे प्रत्येक पाच-सहा पाळण्यांत एक. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र ताडून पाहता, अतिशय कमी वजनाच्या मुलांत हा विकार इतरांच्या दोन-तीन पट आढळतो. येथे घाई करू नये. ह्या विकारात सर्वांत मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे, आणि कमी वजनाची बहुसंख्य मुले निर्वेध मोठी होतात. तरीही वजनाचा आपला असा एक वाटा उरतोच. स्वीडन व नेदरलँड्समध्ये जुळ्यांचे अभ्यास झाले. एकच आई, एकच घर, एकच दिवस. पण जन्मतः हलक्या भरलेल्या जुळ्यात अवधानाच्या तक्रारी जरा अधिक आढळल्या.

आपल्या महाराष्ट्रातही ह्या मार्गावर मोठे काम झाले आहे, ते आपल्या मंडळींस ठाऊक असावे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेली, दोन किलोहून कमी वजनाची बालके हाती घेतली आणि ती प्रौढ होईपर्यंत त्यांचा मागोवा ठेवला. बाराव्या वर्षी अशी १८० मुले व तुलनेसाठी ९० मुले तपासली. कमी वजनाच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरीने ८९.५ भरला, इतरांचा ९७.२. म्हणजे कमी, परंतु सर्वसामान्य मर्यादेतच. अडचण दिसली ती विशेषेकरून लेखनात आणि गणितात. आमच्या विद्यार्थ्याची तिरपी ओळ आणि गळणारा हातचा हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. तो अभ्यास बुद्धीचा व शाळेतील प्रगतीचा होता, प्रौढांच्या अवधानविकाराचा नव्हे, हे खरे. परंतु ती मुले आज आमच्या ह्या विद्यार्थ्याच्याच वयाची आहेत.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार उशिरा कळली. ज्यांचा जन्म फार लवकर व फार कमी वजनाने होतो, त्यांच्यात चंचलतेपेक्षा अवधानाची न्यूनताच ठळक असते, आणि तिच्या जोडीस भिडस्तपणा व काळजी. असा मुलगा वर्गात उड्या मारीत नाही. त्याचा कोणास उपद्रव नसतो, म्हणून त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. मुलींची स्थिती याहून कठीण. ‘वेंधळी आहे’ एवढे म्हटले की विषय संपतो, आणि सासरी गेल्यावर दूध उतू गेल्याचा हिशेब माहेरच्या वळणावर मांडला जातो.

येथे माताभगिनींस एक सांगावयाचे आहे. ह्या हकीकतीतील मातोश्रींनी ते कार्ड आमच्यापुढे ठेवले तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. “गुरुजी, माझ्याच पोटात काही कमी पडलं का हो?” असे त्यांनी विचारले. मूल कमी वजनाचे होते त्याची कारणे पुष्कळ. अंगात रक्त कमी, लहान वयातील लग्न, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर, दिवस भरेपर्यंत शेतात वाकून केलेले काम, मिश्रीची सवय. यांतील किती गोष्टी त्या काळी स्त्रीच्या हाती होत्या? सासूने शेवटी वाढून घे म्हटले, आम्हा पुरुषांनी ताटावरून उठताना मागे काय उरले हे पाहिले नाही. तेव्हा बोट दाखवावयाचेच असेल तर ते आपल्या सगळ्या घराकडे दाखवावे.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांत जे केले ते जगाने वाखाणिले. गावातील साध्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून त्यांनी घरोघर नवजात बालकांची काळजी घेतली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. ह्या कामाची थोरवी वेगळी सांगावयास नको. आमचा मुद्दा त्यापुढचा आहे. आजीच्या कापसाने असो की आरोग्यदूताच्या झोळीने असो, जी मुले वाचली ती आता प्रौढ झाली आहेत, नोकऱ्या करीत आहेत, बागा पाहत आहेत, संसार करीत आहेत. न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म ह्याच निफाडात १८४२ साली झाला. त्यांचे जन्मवजन कोणी केले नव्हते, कारण त्या काळी ते करावयाचे असते हेच येथे ठाऊक नव्हते. आज आपण करतो, कार्डावर लिहितो, आणि कार्ड पेटीत टाकून विसरून जातो.

उपचारांविषयी आम्ही जे पाहिले तेवढेच सांगतो. आमच्या विद्यार्थ्यास डॉक्टरांनी औषध दिले. ह्या विकारावर मिथाइलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन अशी औषधे आहेत. पहिल्यावर कायद्याचे कडक नियंत्रण असून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेता येत नाहीत, आणि घेऊही नयेत. औषधापूर्वी त्यांनी रक्तदाब व नाडी पाहिली, रक्तातील साखरही तपासून घेतली. पहिल्या दोहोंचे कारण असे की या औषधांनी नाडी व रक्तदाब किंचित वाढू शकतात. कमी वजनाने जन्मलेल्यांना पुढे रक्तदाब व मधुमेह यांचा धोका अधिक, हे इंग्लंडात डेव्हिड बार्कर यांनी आणि मधुमेहाविषयी आपल्या पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखविले आहे. तेव्हा डॉक्टरांनी न विचारले तरी आपण होऊन सांगावे की माझा जन्म इतक्या वजनाचा. पहिल्या औषधाने त्याची भूक गेली, मात्रा बदलावी लागली. मध्यंतरी बरे वाटते म्हणून त्याने आपल्या मनानेच औषध सोडले आणि दोन महिन्यांत पुन्हा मोटार चालू ठेवून झोपला. औषधाने माणूस बदलत नाही. तो म्हणतो, “गुरुजी, डोक्यात दहा रेडिओ लागलेले असायचे, आता दोन लागतात.”

उरलेले काम घराने केले. त्यात त्याच्या पत्नीचा वाटा मोठा. ती परत आली, पण अटीवर आली. हिशेबाची वही आणि बँकेचे पुस्तक तिच्याकडे राहील, आणि उसनवारी करण्यापूर्वी तो एक रात्र थांबेल. दाराशी तिने एक पाटी टांगली आहे. हो, पाटीच! आमच्या शाळेत जी तो रोज विसरे, तीच. त्यावर त्या दिवसाचे फक्त एक काम लिहिलेले असते, जास्तीत जास्त दोन. फवारणीच्या दिवशी शेजारचा बागाईतदार पहाटे फोन करतो आणि दोघे मिळून औषध कालवितात. कोणी शेजारी बसले असेल तर त्याचे मन कामावर टिकते, हे त्यांना अनुभवाने कळले. मोबाईलच्या घंटेचाही उपयोग होतो, पण घंटा बंद करून पुन्हा विसरणे हीही त्याची कला आहे, म्हणून फोन खुंटीवर लांब ठेवतात. वडिलांनी एका वेळी चार कामे सांगणे सोडले. त्यांना ते जड गेले, अजूनही जाते. काढणीच्या दिवसांत मात्र, रात्री अकराला गाडी भरावयाची, मजूर कमी, व्यापारी तगादा लावतो आहे, अशा वेळी साऱ्या वाडीत त्याच्याएवढा शांत माणूस नाही. तेथे त्यास पुढे करतात, आणि कागदपत्रांच्या कामाला दुसऱ्यास.

सगळे सुरळीत झाले असा कोणी समज करून घेऊ नये. कर्ज फिटावयाचे आहे, आणि गावात अजून त्यास ‘अर्धवट’ म्हणणारे आहेत.

आता मंडळाकडे वळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार नमूद आहेत. विशिष्ट अध्ययन-अक्षमता त्यात आहे, परंतु हा अवधानविकार स्वतंत्रपणे नाही. म्हणजे ज्यास केवळ एवढाच विकार आहे अशा प्रौढास प्रमाणपत्र मिळत नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून सवलतही नाही. सरकारने २०२२ पासून टेलि-मानस ही विनामूल्य सेवा सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, तो क्रमांक आपल्या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापावा. यापलीकडे जे करावयाचे ते आपल्यालाच.

आमची मागणी फार नाही. शिष्यवृत्ती निधीतील काही भाग एकदा नापास होऊन पुन्हा बसणाऱ्यांसाठी, वा नोकरी सुटून नवे काम शिकणाऱ्यांसाठी ठेवावा. दुसरी विनंती वधूवर-परिचय समितीस. जे घर आपल्या मुलाचा असा विकार आधी मोकळेपणी सांगते, त्या घराची कुजबूज करू नये, कारण त्याची शिक्षा पुढच्या घरास मिळते आणि ते लपवू लागते. आमच्या विद्यार्थ्याची पत्नी आम्हांस म्हणाली, “दादांनी लग्नाआधी सांगितलं असतं तरी मी आले असते. पण मग पहिली सहा वर्षं मी त्यांच्यावर चिडले नसते.” दादा म्हणजे तिचे सासरे. ते त्या वेळी तेथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत, खाली पाहत राहिले. आम्हीही खालीच पाहिले.

आमच्याकडून होण्यासारखे एकच काम आहे. अडतीस वर्षांत जी मुले आमच्या हाताखालून गेली, त्यांच्यापैकी कोणास अथवा त्यांच्या घरच्यांस आज असा संशय असेल, तर त्याने संकोच न धरता आमच्याकडे यावे. जन्माचे कार्ड, प्रगतिपुस्तक, जुनी वही, जे असेल ते आणावे. काही नसेल तर आईस आणावे. तो वर्गात कोठे बसे, काय विसरे, काय चटकन सांगे, हे जेवढे आठवते तेवढे आम्ही आमच्या हाताने डॉक्टरांच्या नावे लिहून देऊ. भोजनानंतर मंडपाच्या पूर्वेकडील बाकावर आम्ही सायंकाळपर्यंत बसलेले आहोत. कागद आणि पेन सोबत आणले आहे.